पिवळी रेघ

दुपारच्या झोपेला आमच्या चाळीत कुणी झोप म्हणत नाही. जरा पाठ टेकते, असं म्हणायचं आणि तासभर घोरायचं. मीही आज पाठ टेकली आहे. वैशाखातले अडीच वाजलेत, पंखा फिरतोय की नुसता कण्हतोय ते कळत नाही, आणि माझ्या मांडीवर केतकीचा पट्टा आहे.

केतकी माझी मुलगी. वय चोवीस. पट्टा म्हणजे कंबरेला लावायचा शोभेचा नव्हे. खांद्यांवरून, मांड्यांखालून येणारा, पाठीशी जाड आकडा असलेला, उंचावर काम करणाऱ्यांचा. आमच्या दारातून केवणी नदीचा लोखंडी पूल दिसतो. वरून हायवे जातो, आणि खाली नदीची घळ इतकी खोल, की वरून सोडलेला नारळ पाण्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत माणूस नमस्कार करून मोकळा झालेला असतो. आज चार वाजता केतकी पहिल्यांदा त्या पुलाच्या पोटाखाली उतरणार आहे, बोल्ट तपासायला. साहेब येणार आहेत. फोटोही काढणार आहेत. म्हणून जेवून हात धुता धुता ती मला म्हणाली, "आई, पट्ट्यावर गंजाचे डाग पडलेत गं. स्टोअरमधला जुनाच दिलाय. पडद्यांचे काढतेस तसे काढून दे ना."

"बघते," मी म्हणाले.

ती दोर आणायला ऑफिसात गेली आणि मी रिकाम्या बादलीसमोर बसले. गंजाचे डाग काढायची माझी युक्ती अख्ख्या चाळीला पाठ आहे. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड, अर्ध्या बादलीत दोन झाकणं. कापड मुकाट्यानं पांढरं होतं. बारा वर्षांपूर्वी मी शशी भावजींचा पट्टा असाच धुतला होता. डाग हट्टी होते म्हणून सकाळी टाकला तो दिवे लागेपर्यंत भिजत ठेवला. आठव्या दिवशी तो पुलाच्या सात नंबरच्या खांबापाशी तुटला.

हे चाळीला माहीत नाही. केतकीला नाही. तिच्या बाबांना नाही, आणि शशी तर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

आज मी नाही म्हटलं, तर केतकी विचारणार, का? नुसतं सांगितलं म्हणून ऐकणारी ती मुलगीच नव्हे. आणि कारण नाही सांगितलं, तर उद्या ती शेजारच्या कुमुदकडे जाईल. कुमुद कौतुकानं धुऊन देईल. माझ्याच युक्तीनं.

मी पदर तोंडावर घेते. पंखा कण्हतो. मग पंखा लांब जातो, आणि लांबून एक ट्रक येतो.

ट्रक आमच्या भिंतीमागून जातो. भांडी थरथरतात.

"वहिनी, पाय वर घ्या. खाली रंग ओला आहे."

मी पाय वर घेते. शशी भावजी उकिडवे बसून आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला शेंद्री रंग लावतायत. तोच हाफ शर्ट, कानावर तीच अर्धी विडी. अंगावर पट्टा, दुधासारखा पांढरा.

"भावजी, तुम्ही कधी आलात?"

"रंग लावता लावता आलो. पूल संपला, मग तुमची फरशी लागली." ते वर बघतात. "अहो, किती पिकलात तुम्ही! मी ओळखलंच नसतं. बरं झालं भांडी तीच आहेत."

"तुम्ही मात्र तसेच राहिलात. जमतं बाई एकेकाला."

ते हसतात. त्यांचं वय अठ्ठावीस. मी त्यांच्याहून चारच वर्षांनी मोठी होते, आता मोजत बसवत नाही. मला त्यांना चहा विचारायचा आहे, पण जिथे गॅसची शेगडी असते तिथे फरशी संपते आणि लोखंडी जाळी सुरू होते. जाळीच्या भोकांतून खूप खाली नदी दिसते, शिवणीतला हिरवा दोरा पडावा तशी.

मला उंचीचं भय आहे. मी स्टुलावरसुद्धा देवाचं नाव घेऊन चढते.

"खाली बघू नका," ते म्हणतात. "बोट द्या."

"कसलं बोट?"

"कामाचं. विसरलात होय?"

विसरले नाही. रंगाचं काम नसलं की ते बोल्ट तपासायचे. तपासायची रीत अशी, की एकानं या बाजूनं छोटी हातोडी मारायची आणि दुसऱ्यानं पलीकडून बोट टेकवून ठेवायचं. घट्ट बोल्ट टण् म्हणतो, बोटाला काही कळत नाही. सैल असला तर आवाज बद्द येतो आणि बोटाला गुदगुली होते. जेवताना ते आम्हाला सांगायचे तेव्हा मी म्हणायचे, यात काय एवढं, माठ घेताना आम्ही बायका हेच करतो.

मी बोट टेकवते. आमच्या मांडणीला, चार फळ्यांच्या, बोल्ट आहेत हे मला आजच कळतं. ते हातोडी मारतात. टण्. पुढचा. टण्. मांडणी लांबतच जाते. डबे संपतात, मग नुसते लोखंडी पट्टे, तिरपे, एकमेकांत अडकलेले. कपडे वाळत घालायची दोरी माझ्या खांद्याशी येते आणि हाताला लागते तेव्हा तारेचा जाड दोर झालेली असते. वारा सुटतो. माझ्या एका हातात पोह्यांचा ट्रे आहे.

"चला लवकर," भावजी म्हणतात, "पाहुणे खोळंबलेत."

पुलाच्या तिरप्या तुळईवर पाय खाली सोडून कऱ्हाडची मंडळी बसली आहेत. मुलीचे वडील, मुलीची मावशी, आणि मधे मान खाली घातलेली मुलगी. तीनशे फुटांवर चप्पल पायांतून सुटू नये म्हणून मावशीनं बोटं आवळून धरली आहेत, एवढंच. बाकी सगळं बघण्याच्या कार्यक्रमासारखं.

ही मंडळी खरोखर येणार होती. भावजींचा फोटो त्यांनी मागितला होता, कामावरचा. मुलगा नक्की करतो काय ते बघायला. म्हणून तर पट्टा धुवायचा होता. तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. हार घातलेला. फोटोत सगळ्यांत उठून काय दिसत असेल तर तो पट्टा.

"मुलगा नीटनेटका आहे," मावशी म्हणते. "पट्टा बघा कसा स्वच्छ!"

तट्. बारीक आवाज येतो. भावजींच्या खांद्यावरच्या शिवणीतला एक धागा उडतो.

"आमच्या वहिनी धुतात," भावजी छाती काढून सांगतात.

तट्.

"हो का? कशानं धुता हो?"

मी पोह्यांच्या बश्या पुढे करते. लिंबू घ्या, म्हणते. खोबरं घ्या, म्हणते. मावशी बशी घेत नाही. बशीच्या कडेवरून माझ्याकडेच बघते.

"रिठ्यानं," मी म्हणते.

तट् तट् तट्. आता तिघेही पट्ट्याकडे बघतायत, आणि भावजी माझ्याकडे.

"रिठ्यानं एवढं पांढरं होत नाही," मुलगी पहिल्यांदा बोलते. मान खालीच. पुलावरून एक लांबलचक टँकर जातो, अख्खा पूल अंगात आल्यासारखा हलतो, आणि टँकर गेल्यावर तुळईवर कुणी नसतं. नुसत्या बश्या. वाऱ्यानं एकेक बशी सरकते, कडेला जाते, आणि पडते. मी कान देऊन उभी राहते. पडल्याचा आवाज येत नाही.

"कधी कळलं तुम्हाला?" भावजी विचारतात.

आम्ही बाथरूमच्या दगडी उंबऱ्यावर बसलो आहोत. बाथरूम पुलाच्या मधोमध आहे. तीन बाजूंना आभाळ.

"सात वर्षं झाली. तुमच्या भावानं गोदामातून एक नवा पट्टा आणला होता घरी. त्याला आतून पांढरी चिठ्ठी शिवलेली असते बघा."

"इंग्रजी असते ती."

"हो. माझी शाळा चौथीत सुटली. पण केतकीच्या पुस्तकांवरून अक्षरं लावत होते मी, भाजी निवडता निवडता. त्या दिवशी मोठ्या ऐटीत चिठ्ठी वाचायला घेतली. बाकीचं नीट लागलं नाही. अ‍ॅसिड हा शब्द मात्र लगेच लागला. तो आपल्या बाटलीवरही होता ना."

भावजी विडी कानावरून काढतात, बघतात, परत ठेवतात.

"शिकायला नको होतं मी," मी म्हणते.

"असं कसं? मग आज काय केलं असतंत?"

बाथरूमच्या भिंतीवर, जिथे आमचं कॅलेंडर असतं तिथे, दौलतमुकादम उभे आहेत, पाठमोरे. भावजींना पट्टा त्यांनी दिला होता. जुना माल पोरांच्या अंगावर चढवला, असं सगळे म्हणाले. आमचे हे त्यांच्या दारात जाऊन नको नको ते बोलले. मुकादम काम सोडून गावी गेले. अजून आहेत तिथे, गुडघ्यांनी बसल्या जागी. कॅलेंडरात ते मागे वळत नाहीत.

"भावजी," मी म्हणते. "मी मारलं का तुम्हाला?"

मला वाटतं, आता नाही म्हणतील. मला ते नाही ऐकायचं आहे, सात वर्षं ऐकायचं आहे. ते पट्ट्याचा पदर दोन्ही हातांनी धरतात आणि मधे वाकवतात, पोळी दुमडावी तसा. वाकवल्या जागी पांढरी लव उभी राहते. कोळ्याच्या जाळ्यासारखी.

"रोज सकाळी असा वाकवून बघायचा असतो," ते म्हणतात. "वितावितानं. लव दिसली की फेकून द्यायचा. दौलतमुकादमांनी आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. त्या आठवड्यात मी बघितलाच नाही. एवढा गोरापान झाला होता, वाकवावासाच वाटला नाही."

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"तुमची होतीच की. माझीही होती." ते उठतात. "मुकादमांची नव्हती."

हातोडी खिशातून निघते. "चला. सात नंबर आला."

सात नंबरचा खांब आमच्या दारासारखा आहे. त्याला आमच्या दाराची कडी आहे. पलीकडे पूल पुढे जातो, उन्हात धूसर होत, आणि त्या टोकाला केतकी उभी आहे. कठड्याच्या बाहेर. तिच्या अंगावर पट्टा आहे आणि तो पांढराशुभ्र आहे.

"कुणी धुतला तो?" मी ओरडते. "मी नाही धुतला! मी बादली भरलीसुद्धा नाही!"

"कुमुदनं असेल. नाही तर तिनंच. युक्ती काय, घरोघरी आहे." भावजी खांबाला टेकतात. "हाक मारा तिला."

"तुम्ही चला ना पुढे."

"याच्या पुढे मला जाता येत नाही वहिनी. माझी ड्युटी इथेच सुटली."

मी हाक मारते. "केतकी! थांब!"

ती वळते. हात कपाळाशी धरून बघते. तिचा आवाज स्वच्छ येतो, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"का?"

"ऊन फार आहे!"

"असू दे!" ती आकडा दोरात अडकवते.

"चहा टाकलाय!"

"आल्यावर घेते!"

"केतकी, तुला शशीकाकाची शपथ!"

"माझी कसली शपथ घालता?" भावजी कळवळून म्हणतात. "मला काय व्हायचं राहिलंय आता?"

केतकी एक पाय सोडते. पट्टा ताणला जातो. तट्. इतक्या लांबून मला ऐकू येतं. तट्. मला पळायचं आहे, पण जाळीच्या भोकांत माझी बोटं अडकली आहेत. माझ्या तोंडात खोबरं आहे, लिंबू आहे, रिठे आहेत, हे सगळं गिळल्याशिवाय एक शब्द निघणार नाही.

"भावजी, माझा आवाज फुटत नाही."

"हात द्या इकडे." ते माझ्या अंगठ्यावर हातोडीनं हलकेच मारतात. आवाज बद्द येतो. तडकलेल्या माठासारखा. "बघा. आतून सैल आहे."

"काय करू?"

"मला काय विचारता? का, असं विचारलंय तिनं. एवढंच विचारलंय."

तट्. तट्. केतकीचा दुसरा पाय कठड्यावरून सुटतो.

"मी शशीकाकाचा पट्टा अ‍ॅसिडनं धुतला होता!" मी ओरडते. "मीच! दिवसभर भिजत ठेवला होता! म्हणून तुटला तो!"

वाक्य पुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं. पट्टीपट्टीला लागत जातं, टण्, टण्, टण्. त्याच वेळी समोरून ट्रकांची रांग येते, एकामागे एक, माल झाकलेली, आणि मला केतकी दिसत नाही. तिनं ऐकलं की नाही ते कळत नाही. मी चाकांच्या मधून बघते, वाकून बघते.

भावजी माझा अंगठा अजून धरून आहेत. त्यांनी तोंडानं कसलं तरी टोपण काढलं आहे.

"हलू नका. बोल्ट आवळला की रेघ मारायची असते. अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर. पुढे बोल्ट फिरला, तर रेघ जुळत नाही. लगेच सापडतो."

"भावजी, ती दिसत नाहीये."

"हलू नका म्हटलं ना. रेघ वाकडी होईल."

त्यांचा हात गरम आहे. शेवटचा ट्रक जातो, भांडी थरथरतात, पंखा कण्हतो.

मी भिंतीला टेकलेली आहे. पदर घामानं तोंडाला चिकटलाय. घड्याळात तीन वीस. समोर बादली कोरडी, आणि पट्टा मांडीवर तसाच, गंजाच्या डागांसकट. मी आयुष्यात कधी घाणेरड्या कापडावर इतकी खूश झाले नव्हते. मी तो छातीशी धरते, तेव्हा अंगठा दिसतो.

नखाच्या मधोमधपासून खाली, कातडीवर अर्धा इंच, पिवळी रेघ आहे. सरळ. पट्टीनं मारल्यासारखी.

पट्ट्याच्या खिशात केतकीचा मार्कर आहे, तो मी काढून बघते. पिवळाच आहे. झोपेत माणूस काहीही करतो, मी समजू शकते. पण मार्करला टोपण आहे, घट्ट बसवलेलं, कट् आवाज येईपर्यंत. टोपण परत लावणारी बाई मी नव्हे. माझ्या घरात एकाही डब्यावर त्याचं स्वतःचं झाकण नाही.

दार वाजतं. केतकी येते, खांद्यावर दोराचं वेटोळं, घामानं लाल झालेली.

"आई, झाला का गं? उशीर झालाय." बादलीत बघते. "हे काय, धुतलासच नाहीस?"

"नाही. आणि कुणी धुवायचाही नाही."

"का?"

आलं. मी तिच्या मागे भिंतीकडे बघते. भावजी हाराच्या आतून पांढऱ्याशुभ्र पट्ट्यात हसतायत. त्यांची काही मदत होणार नाही, त्यांची ड्युटी संपली आहे.

"बस," मी म्हणते. "दोर खाली ठेव आणि बस. शशीकाकाचा पट्टा मी अ‍ॅसिडनं धुतला होता. याच युक्तीनं. त्यानं आतला दोरा कुजतो. मला नंतर कळलं, सात वर्षांपूर्वी, आणि मी गप्प बसले."

ती बसत नाही. दोर खांद्यावर तसाच. मी पुढेही बोलते. फोटोचं, पाहुण्यांचं, चिठ्ठीचं. थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही, म्हणून थांबत नाही. बोलून होतं तेव्हा केतकी फोटोकडे बघते. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता येत नाही, आणि ती अक्षरं मी कुठल्या पुस्तकावरून शिकणार?

ती माझ्या मांडीवरून पट्टा उचलते. खिडकीपाशी नेते. उजेडात धरून दोन्ही हातांनी वाकवते, बघते, वितभर पुढे सरकते. परत वाकवते. सगळा पट्टा. खांद्याचे पदर, मांड्यांचे पदर, आकड्यापाशी दुमडलेली जागासुद्धा. दहा मिनिटं तरी जातात. मग तो माझ्यापुढे धरते.

"तू बघ एकदा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"लव दिसते का ते बघ."

मी तिला लव हा शब्द सांगितला नव्हता. ट्रेनिंगमध्ये सांगतात, ती म्हणते. मी वाकवून बघते. वितावितानं. मळका, डागाळलेला, धड पट्टा. लव कुठेच नाही.

ती तो अंगावर चढवते. एक बकल दोनदा लावावं लागतं.

"बाबांना सांगितलंयस?"

"नाही."

"आज सांगायचं. मी उतरून आले की. आणि रविवारी दौलतमुकादमांकडे जायचं, त्यांच्या गावी." ती बकल ओढून बघते. "कुमुदमावशीला आत्ता सांग, मी निघाले की लगेच. बाकीच्यांनाही."

"चाळ काय म्हणेल गं मला?"

"म्हणू दे."

एवढंच. काही झालं नाही आई, असं ती म्हणत नाही. गळ्यात पडत नाही. मला ते बरं वाटतं आणि रडूही येतं. दाराशी जाऊन ती थांबते, मार्कर द्यायला मी हात पुढे करते, आणि तिची नजर माझ्या अंगठ्यावर जाते. ती अंगठा धरते. उजेडाकडे वळवते. जसा पट्टा बघितला तसाच बघते.

"ही कुणी मारली?"

"झोपेत होते मी."

केतकी नख किंचित दाबून बघते, मग रेघेवरून बोट फिरवते, वरून खाली.

"जुळतेय," ती म्हणते, आणि पुलाकडे निघते.